चोक ओढला ना, मग रेस नको देऊ!

आजचा भाग एका आवाजापासून सुरू करू. डिसेंबर महिना, पहाटेचे पाच, राजूर कॉलरी. पहिल्या पाळीला निघालेल्या लोकांच्या स्कूटर किका खातायत. खट्... खट्... आणि मग एखादी फटफटायला लागते, मागे पांढरा धूर.

आमच्याकडे चेतक होती. मी दहा-अकरा वर्षांचा, किक मारायची भारी हौस. सीटखालचा चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि सुटायचं. स्कूटर ढिम्म. आतून बाबा ओरडायचे, "अबे, चोक ओढला ना, मग रेस नको देऊ!" एकदा मी इतक्या किका मारल्या की प्लग पेट्रोलने भिजला. बाबांची पाळी हुकली, त्या दिवसाची हजेरी गेली. ते मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

बाबांचं म्हणणं बरोबर का होतं, हे मला इंजिनिअरिंग केल्यावर कळलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण जळते ती पेट्रोलची वाफ. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते, बाकीचं भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. चोक म्हणजे गळा आवळणं. जुन्या गाड्यांत खरंच एक झडप हवेची वाट अडवायची. चेतकच्या कार्ब्युरेटरमध्ये मात्र झडप नव्हती. तिथला चोक पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडायचा. त्या वाटेने पेट्रोल खेचायला इंजिनाची ओढ लागते, आणि ती ओढ ॲक्सिलरेटर बंद असतानाच मिळते. रेस दिली की ओढ कमी, चोक निकामी!

आता जरा मागे जाऊ. व्हेस्पा १९४६ साली इटलीत आली. बजाजने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याने ती इथे बनवली. १९७१ ला करार संपला आणि १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीतून चेतक यायला लागली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. तो लायसन्स राजचा काळ. किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. काहींना दहा-दहा वर्षं लागली.

माझं म्हणणं इथे आहे. इतकी वाट बघून आलेली वस्तू कोणी टाकून देत नाही, तिचा स्वभाव शिकून घेतो. स्कूटर तिरकी करायची, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं थोडं जास्तीचं पेट्रोल आत उतरतं. दोन किकांत नाही झालं तर प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पुसायचा, चोक बंद करायचा, आता मात्र पूर्ण रेस देऊन किका मारायच्या, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. जेटमध्ये कचरा शोधायचा. हे कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. शेजारी शेजाऱ्याला शिकवायचा.

पुढे हे काम माणसाच्या हातून गेलं. २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर फ्युएल इंजेक्शनसह आणली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला. आता सेन्सर इंजिनाचं तापमान मोजतो आणि ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. इंजिनाची गरज तीच आहे. आधी ते गणित बाबा करायचे, आता चिप करते. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून हे मला जास्त जाणवतं: त्या कोडमधली पहिली अट बाबा अंगणातून ओरडून सांगत होते.

जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, इलेक्ट्रिक होऊन. त्यात पेट्रोलही नाही, चोकही नाही. चांगलंच आहे, कोणाची हजेरी बुडणार नाही.

पण घरात जुनी चोकवाली स्कूटर उभी असेल, तर या थंडीत वडिलांना किक मारायला लावा आणि त्यांचे हात बघा. आणि हो, रेस देऊ नका! भेटू पुढच्या भागात.