सिसप्लॅटिन

प्लॅटिनम धातूचे एक सहसंबद्ध संयुग व कर्करोगावरील महत्त्वाचे औषध. हे पिवळे, स्फटिकी असून पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. याच्या रेणूत प्लॅटिनमाच्या अणूभोवती एकाच प्रतलात, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर, दोन अमोनिया रेणू व दोन क्लोरीन अणू असतात. सारखे गट लगतच्या कोपऱ्यांवर असल्यास सिस (समपक्ष) व समोरासमोर असल्यास ट्रान्स (विपक्ष) समघटक मिळतो.

इतिहास : इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४४ मध्ये या संयुगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी झ्यूल रेझे यांनी तेच संघटन, पण भिन्न गुणधर्म असलेले संयुग वर्णिले. हे कोडे आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये उलगडले. रचना चतुष्फलकीय असती, तर एकच संयुग मिळाले असते. दोन मिळतात, यावरून त्यांनी समतल चौरस रचना प्रतिपादिली.

मिशिगन स्टेट विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मजंतूंवर विद्युत् क्षेत्राचा होणारा परिणाम अभ्यासला. त्या वेळी सूक्ष्मजंतूंचे विभाजन थांबून त्यांचे लांब तंतू बनले. याचे कारण विद्युत् क्षेत्र नसून, निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या प्लॅटिनम अग्रांपासून द्रवात बनलेली संयुगे होती (१९६५). सिस समघटकाने उंदरांतील अर्बुदे आटोक्यात येतात, असे १९६९ मध्ये दाखविण्यात आले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली.

निर्मिती : पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेटावर अमोनियाची सरळ विक्रिया केल्यास मॅग्नस यांच्या हिरव्या लवणाची भेसळ होते. एस. सी. धारा यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’ या नियतकालिकात १९७० मध्ये दिलेली रीत सोयीची आहे. तीत प्रथम पोटॅशियम आयोडाइड व नंतर अमोनिया मिसळतात. आयोडीन आपल्या समोरील गट अमोनियापेक्षा अधिक सैल करते. त्यामुळे दुसरा अमोनिया रेणू पहिल्याच्या लगतच बसतो. मग सिल्व्हर नायट्रेटाने आयोडीन साक्याच्या रूपात काढून टाकतात व पोटॅशियम क्लोराइड मिसळून सिसप्लॅटिन मिळवितात.

कार्य : रक्तात क्लोराइडाचे प्रमाण पुष्कळ असल्याने रेणू बहुतांशी टिकून राहतो. कोशिकेत ते कमी असल्याने क्लोरिनांच्या जागी पाणी येते आणि मग प्लॅटिनम डीएनएतील लगतच्या ग्वानिनांशी जोडला जातो. त्यामुळे डीएनए वाकतो व कोशिकेचे विभाजन खुंटते. ट्रान्स समघटकास असा बंध साधता येत नाही व तो औषध म्हणून निरुपयोगी ठरतो.

वृषण व अंडाशय यांच्या कर्करोगांवर हे विशेष गुणकारी आहे. तथापि मूत्रपिंडास इजा, तीव्र वांत्या व बहिरेपणा हे याचे गंभीर दुष्परिणाम होत. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी रुग्णास शिरेतून भरपूर लवणजल देतात.