हाती येणारा पगार

एकूण वेतनातून आयकर, व्यवसाय कर आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाता खात्यात जमा होणारी रक्कम, निव्वळ वेतन. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जिथे सिद्ध केले, त्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आणि मोठ्या पगाराचा हा हिशेब या गावाचाही विषय झाला. म्हणून येथे विद्यापीठीय प्राध्यापकाचे नमुना उदाहरण घेतले आहे.

सातव्या वेतन आयोगानुसार प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन १,४४,२०० रुपये आहे. महागाई भत्ता ५५ टक्के धरल्यास ७९,३१० आणि गावाच्या १० टक्के दराने घरभाडे भत्ता १४,४२० रुपये होतो. मिळून महिन्याला २,३७,९३०, म्हणजे वर्षाला २८,५५,१६० रुपये. इतर भत्ते येथे धरलेले नाहीत.

२०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते व करपात्र उत्पन्न २७,८०,१६० उरते. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या प्रत्येक चार लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के असे चढते दर लागतात. २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख, वरच्या ३,८०,१६० रुपयांवर ३० टक्क्यांनी १,१४,०४८, आणि या बेरजेवर ४ टक्के उपकर. एकूण ४,३०,६१० रुपये. ‘तीस टक्क्यांत गेलो’ ही धास्ती अनाठायी आहे: ३० टक्के दर फक्त २४ लाखांवरच्या रकमेला लागतो, एकूण वेतनावरचा बोजा सुमारे १५ टक्केच पडतो.

हा वार्षिक कर बारा हप्त्यांत कापला की महिन्याला ३५,८८४ जातात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे २२,३५१ रुपये. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हाती १,७९,४९५ रुपये येतात. वर्गणीला खर्च समजू नये; ती कर्मचाऱ्याच्याच निवृत्ती खात्यात साठते.

घरभाड्याच्या पावत्या जोडून जुनी करप्रणाली घ्यावी का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. भाडे वेतनाच्या १० टक्क्यांहून जेवढे जास्त, तेवढ्याचाच सवलतीसाठी विचार होतो. महागाई भत्ता निवृत्तिलाभांसाठी धरला जात असेल, तर येथे ती मर्यादा महिना २२,३५१ रुपये आहे. रिद्धपुरातल्या घराला इतके भाडे कोण देणार? सवलत शून्यच. निवृत्तिवेतन वर्गणीतून दीड लाख व पन्नास हजारांच्या दोन्ही वजावटी पूर्ण वापरल्या, ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय करही घेतला, तरी जुन्या प्रणालीत कर ६,१७,०३० रुपये होतो. मोठे गृहकर्ज वा अन्य भरीव वजावट नसेल, तर नवी प्रणालीच घ्यावी.

महागाई भत्त्याची थकबाकी एकदम मिळाली, की त्या वर्षीच्या कराचा अंदाज बदलतो आणि उरलेल्या महिन्यांत कपात वाढते. २०२५-२६ मध्ये मिळालेली थकबाकी मागील वर्षांची असेल, तर आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८९ नुसार दिलासा मागता येतो. त्यासाठी विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो.