उभे राहताच लागणारी धाप

हृदय कमकुवत झालेला रुग्ण आडवे होण्यास घाबरतो. उशांना टेकून, बसून रात्र काढतो. श्वासकष्टाचा हा परिचित नियम काही मोजक्या रुग्णांत उलटा होतो: झोपले की आराम, उभे राहिले की धाप. अशा विकाराचे वर्णन १९४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बर्चेल, हेल्महोल्झ आणि वुड यांनी केले. तो निव्वळ योगायोग नसावा. वेगवान वळणात रक्त पायांकडे ओढले जाऊन वैमानिकांची शुद्ध का हरपते, हा अर्ल वुड यांचा महायुद्धकाळातील अभ्यासविषय. कानाच्या पाळीला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्रही त्यांनी सुधारले होते.

नाव मिळण्यास मात्र वीस वर्षे गेली. १९६९ मध्ये ऑल्टमन व रॉबिन यांनी ‘प्लॅटिप्निया’ हा शब्द योजला. ग्रीकमध्ये ‘प्लॅटिस’ म्हणजे सपाट. उभे राहिल्यावर रक्तातील ऑक्सिजन घटतो त्यास १९७६ मध्ये ‘ऑर्थोडिऑक्सिया’ हे नाव मिळाले.

कारण अनेकदा जन्माआधीचे असते. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नाहीत; म्हणून हृदयाच्या दोन्ही अलिंदांमधील पडद्यात एक झडपवजा छिद्र असते. जन्मानंतर ते मिटते, पण सुमारे चारपैकी एका प्रौढात पूर्ण सांधले जात नाही. बहुतेकांना याची आयुष्यभर जाणीवही होत नाही. पुढे महाधमनी फुगली, पाठीचा कणा वाकला किंवा एक फुप्फुस काढावे लागले, तर हृदयाची ठेवण बदलते. मग उभे राहताच पडदा ताणला जातो आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांना वगळून थेट डाव्या बाजूस शिरते. यकृताच्या जीर्ण आजारात वाट निराळी: फुप्फुसांच्या तळाच्या केशवाहिन्या रुंदावतात, आणि उभे राहिल्यावर गुरुत्वामुळे तिथेच अधिक रक्त जाते.

छिद्र असेल तर मांडीतील शिरेतून नळी नेऊन ते बुजवता येते, आणि अनेक रुग्णांची धाप तत्काळ थांबते. अडते ते निदानापाशी, कारण रुग्णालयात रुग्ण बहुधा पलंगावर पडलेला असतो आणि मोजमापही तिथेच होते. खरे तर आधी झोपवून, मग उभे करून ऑक्सिजन मोजला आणि तो पाच टक्के वा अधिक घसरला, तर संशयास पुरेसा आधार मिळतो. २०२०-२१ च्या साथीत भारतातील असंख्य घरांत पोहोचलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यासाठी पुरतो. कोविडच्या काही रुग्णांतही ही उलटी धाप नोंदली गेली आहे.