घरगुती नेटवर्क : आयपी पत्ता आणि सबनेट मास्क

घरातील संगणक, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे यांना राउटरमार्फत जोडताना प्रत्येकाला मिळणारा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, आणि त्या क्रमांकाचा कोणता भाग नेटवर्कचा व कोणता उपकरणाचा हे सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. पत्ता ३२ बिटांचा असून चार आकड्यांत लिहितात. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ साली तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखण्यात आले आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ते कायम केले : १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. इंटरनेटवर हे पत्ते चालत नाहीत, म्हणूनच ते घरोघरी पुन्हापुन्हा वापरता येतात. १७२.३२ मात्र खाजगी नाही. ही चूक वारंवार होते.

मास्कबाबत फार विचार नको. २५५.२५५.२५५.० ठेवला की पहिले तीन आकडे नेटवर्कचे. चौथ्याच्या २५६ किमतींपैकी ० नेटवर्कची व २५५ सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी. उरलेले २५४ पत्ते घराला भरपूर झाले. मात्र मास्क सर्व उपकरणांत सारखा हवा. प्रिंटरवर चुकून २५५.२५५.०.० पडला, तर तो शेजारच्या वेगळ्या नेटवर्कलाही आपलेच समजतो, राउटरकडे न जाता थेट हाक मारतो आणि उत्तर येत नाही.

खरा विचार तिसऱ्या आकड्याचा करावा. बहुतेक राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊनच येतात. फायबर कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावला आणि दोघांचेही नेटवर्क १९२.१६८.१ निघाले, तर आत कोणते व बाहेर कोणते हे राउटरला कळत नाही. घरून व्हीपीएनने कार्यालयात शिरतानाही हीच अडचण येते : कार्यालयाच्या सर्व्हरचा शोध घरातच सुरू राहतो. १९२.१६८.७३ असा सहसा न आढळणारा आकडा निवडला की दोन्ही प्रश्न बहुधा उद्भवतच नाहीत.

राउटरला १, स्थिर उपकरणांना २ ते ४९ आणि डीएचसीपीने आपोआप वाटायला १०० ते १९९ ही विभागणी सोयीची. प्रिंटरचा पत्ता प्रिंटरवर टंकण्याऐवजी राउटरमध्येच मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून, राखून ठेवावा. सगळी नोंद एका जागी राहते. मोबाइलसाठी असे करताना त्यातील बदलता मॅक पत्ता आधी बंद करावा लागतो.

राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर सेवादाता अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देत आहे असे समजावे. तेव्हा घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही आणि घरातले पत्ते बदलूनही उघडणार नाही. त्यासाठी सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ताच मागून घ्यावा लागतो.