बहात्तर तास आणि शंभर वर्षं

आपल्या केंद्राच्या दाराशी प्रश्नांची पेटी टांगलेली आहे. ती आम्ही महिन्यातून दोनदा उघडायचो. मागच्या वेळी तिच्यात वहीच्या पानाची, चार घड्या घातलेली चिठ्ठी निघाली. नाव नव्हतं, तारीख होती. ‘संबंधानंतर घ्यायची गोळी असते ती घेतली तर गर्भ पडतो का? मेडिकलवर मागितली तर घरी कळेल का?’ एवढंच. चिठ्ठी आमच्या हाती आली तेव्हा नऊ दिवस उलटले होते, आणि ती गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते.

आम्हाला फार वाईट वाटलं. असा प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीतूनच का यावा, यावर गटात बोलणं निघालं, आणि बोलता बोलता आम्ही शंभर वर्षं मागे गेलो.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचं नाव मात्र आपल्या घरांत कमी ऐकू येतं. रघुनाथराव नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे ते मुंबईला विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला तेही हेच साल, म्हणजे आपण काही मागे नव्हतो! पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्या काळी एका बाईला यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

या कामापायी रघुनाथरावांची नोकरी गेली. तरी १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढत राहिले, पदरमोड करून, थेट १९५३ साली मरण येईपर्यंत. त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं असत. म्हणजे आपल्या पेटीसारखंच म्हणा ना. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली रघुनाथरावांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दंड झाला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. १९५२ पासून सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. पण त्या भिंतीवरच्या चित्रात असायचे नवरा, बायको आणि दोन मुलं. लग्न न झालेली मुलगी तिथे नव्हतीच. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यातही तसंच होतं. साधन फसून गर्भ राहिला तर हे कारण चालायचं, पण फक्त विवाहितेला. २०२१ साली कायदा बदलला आणि ‘विवाहित स्त्री’ ऐवजी ‘कोणतीही स्त्री’ असे शब्द आले. त्याला पन्नास वर्षं लागली.

गोळीची गोष्ट याच पन्नास वर्षांतली. १९७०च्या दशकात कॅनडातले डॉक्टर युझ्पे यांनी दाखवून दिलं, की नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या संबंधानंतर लगेच जास्त मात्रेत दिल्या तर गर्भधारणा टळू शकते. मात्र त्याने मळमळ आणि उलट्या फार व्हायच्या. पुढे लेव्होनॉरजेस्ट्रेल या एकाच औषधाची गोळी जास्त चांगली ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेली तिची तपासणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे २००५ पासून ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारी दवाखान्यात मिळते, आशाताईंकडेही असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. या गोळीने गर्भ पडत नाही. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून गर्भ राहायचा टळतो. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा उपयोग नाही. जितकी लवकर घ्याल तितकी बरी, बहात्तर तासांची वाट बघायची नाही. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. नंतरच्या संबंधाला ती पुरत नाही, आणि रोजचं साधन म्हणून ती नाहीच. त्यासाठी निरोध आहे, रोजच्या गोळ्या आहेत. निरोधाने लागट आजारही टळतात, गोळीने टळत नाहीत. पाच दिवसांच्या आत दवाखान्यात तांबी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची. गोळी घेऊन पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची, घाबरून जडीबुटी घ्यायची नाही. आणि कुणावर जबरदस्ती झाली असेल तर सरकारी दवाखान्यात ही गोळी दिली जाते. तिथे लगेच जायचं, कुणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही.

घरी कळेल का, या प्रश्नाला मात्र आमच्याकडे सरळ उत्तर नाही. दुकानदार ओळखीचा असतो, गाव लहान असतं. आमच्यापैकी दोघींनी खरं सांगितलं, की आपल्या मुलीने विचारलं असतं तर आधी थप्पडच बसली असती. एकीच्या मते मुलींना हे सांगितलं तर त्या बिघडतील. दुसरी म्हणाली, मग न सांगितल्याने कोण सुधारलं? वाद अजून मिटलेला नाही.

चिठ्ठी लिहिणारी हे ऐकत असेल, तर बाळा, उशीर आमच्याकडून झाला. पाळी आली नसेल तर लगेच ये, तपासणी करू. दिवस राहिले असतील तरी वाटा बंद झालेल्या नाहीत, कायदा तुझ्याही बाजूने आहे. दवाखान्यात आमच्यातली एकजण सोबत येईल. गुरुवारी आशाताई केंद्रावर असतात, मागच्या दाराने आलीस तरी चालेल. आणि पेटी आता आम्ही रोज संध्याकाळी दिवेलागणीला उघडतो.