जुन्या ग्राफिक्स कार्डवर १४४ हर्ट्झ : नवं कार्ड घेण्याआधी काय तपासावं

ईदी आणि जेबखर्चाचे पैसे जमवून घरातला मुलगा १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणतो. जुन्या कॉम्प्युटरला लावतो आणि दोन दिवसांनी तोंड पाडून सांगतो, "अब्बा, यात काहीच फरक नाही. कार्ड जुनं आहे, नवं घ्यावं लागेल." नवं कार्ड म्हणजे वीस-पंचवीस हजारांच्या घरातली गोष्ट. नगरमधल्या बऱ्याच घरांत हे कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातून निघालेली सेकंडहँड मशीनं असतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं एखादं जुनं कार्ड त्यात बसवलेलं असतं. अशा वेळी खिशात हात घालण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात. निम्म्या वेळा दोष कार्डाचा नसतोच.

हर्ट्झ आणि एफपीएस

मॉनिटर एका सेकंदात चित्र किती वेळा बदलू शकतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर दर ६.९ मिलिसेकंदांनी. कार्ड एका सेकंदात किती चित्रं तयार करतं, ते एफपीएस. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कार्ड दुबळं असलं तरी मॉनिटर १४४ वर चालू शकतो. माउसचा बाण आणि पान सरकवणं तेवढ्यानेही गुळगुळीत होतं. गेममध्ये फरक दिसायला मात्र एफपीएसही हवेत.

आधी सेटिंग, मग वायर

नवा मॉनिटर जोडला की विंडोज बहुतेक वेळा त्याला ६० वरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेलं की रिफ्रेश रेटची यादी दिसते. तिथे १४४ असेल तर निवडा, काम झालं. हसू नका, महिनोन् महिने कुणी हे उघडूनच पाहत नाही.

यादीत १४४ नसेलच तर कॉम्प्युटरच्या मागे जा. वायर कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमध्ये? मदरबोर्डला असेल तर कार्ड नुसतं बसून आहे.

आता वायरचा हिशोब. १०८० पी चित्रात दिसणारे पिक्सेल १९२० गुणिले १०८०. पण जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेली काठाची रिकामी जागा धरली तर वायरमधून २२०० गुणिले ११२५, म्हणजे २४.७५ लाख पिक्सेल जातात. सेकंदाला ६० वेळा म्हणजे १४.८५ कोटी, १२० वेळा म्हणजे २९.७ कोटी. १४४ ला हा आकडा ३५ कोटींच्या वर जातो. म्हणून तिथे काठाची जागा कमी करून तो साडेबत्तीस कोटींच्या आसपास आणतात.

आता प्रत्येक पोर्टची ताकद बघा. सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६.५ कोटी, म्हणजे १०८० पी ला ६० च्या फार पुढे जाता येत नाही. ड्युअल-लिंक डीव्हीआयची ३३ कोटी, म्हणजे १४४ जेमतेम पण व्यवस्थित बसतं. दोन्ही वायरी दुरून सारख्याच दिसतात. टोकाच्या पिना पाहा : मधोमध सहा पिनांची जागा रिकामी असेल तर ती सिंगल-लिंक. एचडीएमआय १.४ असलेल्या जुन्या कार्डांकडून १२० पर्यंतच अपेक्षा ठेवावी, आणि तेही मॉनिटरने त्या पोर्टवर परवानगी दिली तर. एचडीएमआय २.० ला ही अडचण नाही. ते एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९६०, ९७०, ९८० पासून आणि एएमडीच्या २०१६ च्या आरएक्स ४०० मालिकेपासून मिळतं. जीटीएक्स ७५० टीआय हे २०१४ चं लाडकं कार्ड मात्र १.४ वालं आहे.

सगळ्यात बिनघोर पोर्ट म्हणजे डिस्प्लेपोर्ट. त्याची १.२ ही जुनी आवृत्तीही १०८० पी ला २४० हर्ट्झ पेलते. कार्डाला आणि मॉनिटरला दोन्हीकडे ते असेल तर तीच वायर घ्या आणि बाकीचा विचार सोडा. एचडीएमआयवरून निळ्या व्हीजीएत जाणारा स्वस्त कन्व्हर्टर मध्ये असेल तर १०८० पी ला ६० च्या पुढची आशा सोडावी. एचडीएमआय ते डीव्हीआय जोडणीही सिंगल-लिंकच्या हिशोबातच चालते.

एफपीएस वाढवायचे कसे

प्रत्येक गेम १४४ ला नेण्याचा हट्ट नको. व्हॅलोरंटसारखे हलके गेम जुन्या कार्डावरही बरेच पळतात. मोठ्या जगाचे, भारी चित्रांचे नवे गेम नाही पळणार. गेममध्ये आधी शॅडो कमी करा, मग रिफ्लेक्शन आणि अँटी-अलायझिंग. टेक्श्चर शेवटी; कार्डाची मेमरी पुरत असेल तर टेक्श्चर कमी करून वेग फारसा वाढत नाही, चित्र मात्र उगाच बिघडतं.

मोठा फरक पडतो तो रेझोल्यूशनने. १०८० पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, ७२० पी म्हणजे ९.२ लाख. काम निम्म्याहून कमी. पण मॉनिटरचं रेझोल्यूशन उतरवण्यापेक्षा गेममधलं 'रेंडर स्केल' ७०-८० टक्क्यांवर आणावं, म्हणजे अक्षरं आणि नकाशा स्पष्ट राहतो. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर हेच काम जास्त सफाईने करतं आणि ते एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालतं. डीएलएसएसला आरटीएक्स कार्डच लागतं, तेव्हा जीटीएक्सवाल्यांनी त्याचे व्हिडिओ पाहून मन खट्टू करू नये.

एक चाचणी घरातल्या प्रत्येकाला करता येते. गेमचं रेझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस वाढले तर अडचण कार्डात होती. एफपीएस जिथल्या तिथे राहिले तर कार्ड निर्दोष आहे, प्रोसेसर दमलेला आहे. १४४ साठी त्यालाही प्रत्येक चित्र सात मिलिसेकंदांच्या आत तयार करून द्यावं लागतं. अशा मशीनमध्ये पंचवीस हजारांचं कार्ड घातलं तरी आकडा हलणार नाही. रॅमची एकच कांडी असेल तर तशीच दुसरी जोडून कधीकधी चांगला फायदा होतो, आणि खर्च कितीतरी कमी.

एफपीएस कधी १४०, कधी ७० असे उड्या मारत असतील तर ९० वर मर्यादा घाला. स्थिर ९० डोळ्यांना बरं वाटतं. जीटीएक्स १० मालिकेपासूनच्या कार्डांवर जानेवारी २०१९ नंतरचा ड्रायव्हर आणि डिस्प्लेपोर्ट असेल तर चालणाऱ्या मॉनिटरवर जी-सिंकही सुरू करता येतं. मग मॉनिटर स्वतःच कार्डाच्या गतीला गती मिळवतो.

धूळ आणि ऊन

आपल्या जिल्ह्यातला एप्रिल-मे आणि उघड्या खिडकीतून येणारी धूळ, दोन्ही कार्डाचे दुश्मन. जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं साधारण ८३ अंशांजवळ पोहोचली की स्वतःचा वेग कमी करू लागतात. सकाळी चांगला चालणारा गेम दुपारी अडखळत असेल तर तापमान पाहा. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. पाच-सहा वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल तर जाणकाराकडून बदलून घ्यावी.

कार्ड बदलायचंच ठरलं तर

ऑफिसच्या मशीनची पॉवर सप्लाय छोटी असते आणि तिला कार्डासाठीची वेगळी वायर बहुधा नसते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. म्हणून २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय सेकंडहँड बाजारात इतकं चालतं : ते बरोबर ७५ वॉटचं. पण याच नावाने नकली मालही खूप फिरतो. २०१० च्या आसपासच्या चिपवर नवं नाव चढवलेलं असतं. मूळ १०५० टीआयची चिप व्हीजीए देतच नाही. तेव्हा या नावाच्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर तिथेच थांबा. दुकानातच जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून पाहा, अशा कार्डाच्या नावाआधी तो 'फेक' लिहून दाखवतो. आपल्या ओळखीतल्या एका वालिदांनी पैसे दिल्यावर घरी येऊन हे पाहिलं. दुकानदाराने परत घेतलं नाही.

ड्रायव्हरचंही लक्षात असू द्या. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज खेळले जाणारे गेम त्यामुळे थांबत नाहीत. पण आता कुणी 'पुढची पाच वर्षं बघायला नको' म्हणून १०५० टीआय विकत असेल, तर त्याला ही तारीख सांगून भाव करावा.