संचयिका आठवते का?

मंडळी, १८८२ साली सरकारने पोस्टात बचत बँक सुरू केली. पुढे बचतीचा हा धडा थेट शाळेत आला, 'संचयिका' नावाने. पोरंच मॅनेजर, पोरंच कॅशियर; गुरुजी देखरेखीला. आठ आणे, रुपया जमा व्हायचा, पासबुकात नोंद व्हायची. रक्कम किरकोळ, पण हिशेबाची सवय लागायची.

आता रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार १० वर्षांवरील मुलांना स्वतः खातं चालवू द्यायची बँकांना मुभा आहे. चांगलंच आहे. पण मोबाईलवरून गेलेला पैसा पोरांना हातातून गेल्यासारखा वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच: खात्यासोबत जमाखर्चाची वहीही द्या. आपल्या तालुक्यातली एक तरी शाळा संचयिका पुन्हा सुरू करेल का?